साडेतीनशे मीटर

दारव्ह्यात ड्रोनने लग्नांचे फोटो काढणारा आमचा शेजारी स्वतः शिडीवर चढायला घाबरतो. ड्रोन उडवण्याआधी चपला काढतो, आणि फोटो दाखवताना हमखास म्हणतो, “पाहा भाऊ, साडेतीनशे मीटरवरून काहाडला! फोटोच्या माहितीतच लिवलं हाय.”

मला मात्र त्यात नवरदेवाच्या फेट्याचा तुरा स्पष्ट दिसायचा. शेवटी एकदा मी त्याला ड्रोन अंगणातच ठेवून फोटो काढायला लावला. माहितीत उंची आली, तीनशे बारा मीटर.

“हे समुद्रापासूनची उंची हाय,” मी म्हणालो. “आपली जमीनच तेवढी वर हाय.”

तो बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिला. मग भिंतीला धरून हळूच खाली बसला.

“म्हणजे मी लहानपणापासून इतक्या वर राहून राह्यलो? अन् मले कोणी सांगितलं नाही!”