हातमागाच्या खोलीची बातमी

वडगावात राहणारी माझी थोरली बहीण शहरातल्या एका मिशनरी शाळेत मुलींना हातमाग शिकवायची. एका जूनमध्ये माग उचलून सायकल स्टँडमागे ठेवले आणि त्या खोलीत रोबोटिक्सची प्रयोगशाळा झाली. आक्काला शाल आणि प्रमाणपत्र देऊन घरी पाठवलं. प्रमाणपत्रावर तिचा विषय ‘क्राफ्ट’ असा लिहिला होता.

मी वर्तमानपत्रात आहे. पुढच्या वर्षी त्याच शाळेत परिसंवाद ठरला : जागतिक बाजारपेठ आणि कॅथलिक शिक्षण. दुसरा बातमीदार जाणार होता. ते काम मी मागून घेतलं. मुख्याध्यापक असलेले फादर चांगलं बोलले. माणसाची किंमत बाजारानं ठरवू नये, त्यासाठीच आपल्या शाळा आहेत, असं ते म्हणाले. प्रश्नोत्तरांत मी विचारलं, हातमागाचा वर्ग का बंद केला?

‘‘पालकांची मागणी नव्हती. शेजारी दोन इंटरनॅशनल स्कूल उघडली आहेत. मुलं तिकडं गेली तर आमची शाळाच राहणार नाही.’’

उत्तर प्रामाणिक होतं. बातमीत मी त्यांचं बाजाराविषयीचं वाक्य दिलं आणि लगेच खाली हे उत्तर, दोन्ही जसंच्या तसं. मध्ये माझा एक शब्द घातला नाही. सोबत सायकल स्टँडमागच्या मागांचा फोटो लावला. शिकवणारी बाई माझी बहीण आहे, हे संपादकांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर बातमी थांबली असती, म्हणून सांगितलं नाही.

आक्का वाचून म्हणाली, ‘‘लई वाईट हाईस रं तू.’’ पेपर मात्र घडी घालून कपाटात ठेवला.

चौथ्या दिवशी फादर स्कूटरवरून आक्काच्या घरी आले. मला पाहून दारातच थबकले.

‘‘तुम्ही यांचे भाऊ?’’

‘‘व्हय, धाकटा,’’ आक्का म्हणाली. ‘‘ल्हानपणापासनं असाच हाय.’’

ते बसले. शनिवारी वर्ग पुन्हा सुरू करू, माग आत घेतो, म्हणाले.

‘‘निकालपत्रात गुण असणार काय?’’ आक्कानं विचारलं.

‘‘गुण नाहीत. ॲक्टिव्हिटी म्हणून. बाहेरचे पाहुणे येतात, त्यांना दाखवता येईल.’’

‘‘मग मागावर पाव्हण्यांनाच बसवा, फादर.’’

आक्का चहा करायला उठली. दूध संपलंय, असं मी सांगितलं. सकाळी तिनंच आणलेली पिशवी फ्रिजमध्ये होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली बसली.