मनोहरसाठी लाल पॉपी

ईश्वर गजभियेंना अमेरिकेतल्या जर्सी सिटीत येऊन चार महिने झाले, तरी घरात बसणं त्यांना जमत नव्हतं. लेक उपासना सकाळी ट्रेनने मॅनहॅटनला ऑफिसला गेली, की बाविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत. मग खाली उतरून रस्ते तुडवत. वय पासष्ट. कामठीचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

मे महिन्याच्या शेवटी एका दुकानाबाहेर एक म्हातारा अमेरिकन फौजी स्टुलावर बसला होता. त्याने ईश्वररावांच्या शर्टाला कागदाचं लाल फूल लावलं आणि विचारलं, "कोणासाठी?"

त्यांना कळेना. तेव्हा म्हाताऱ्याने समजावलं. हे पॉपीचं फूल. पहिल्या महायुद्धात तोफांनी उखणलेल्या रानात, सैनिकांच्या थडग्यांभोवती हीच फुलं उगवली होती. म्हणून लढाईत गेलेल्यांच्या आठवणीसाठी ती लावतात. त्याचा भाऊ व्हिएतनामच्या लढाईत मारला गेला होता. त्याने भावाचं नाव सांगितलं आणि वाट पाहत राहिला.

ईश्वररावांच्या ओठांवर नाव आलं, पण बाहेर पडलं नाही. "थँक्यू" म्हणून ते निघाले.

"अफूचं फूल का गं हे?" घरी त्यांनी विचारलं.

"नाही बाबा, ती वेगळी. ही रानटी पॉपी." उपासनाने फोनवर शोधलं. "हिचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं म्हणे. माती उकरली की उगवतं."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी फिरताना रुळांलगतच्या मोकळ्या जागेत, पाइपसाठी खणलेल्या चराच्या कडेला खरी फुलं दिसली. लाल, कागदाहून पातळ. त्यांनी एक तोडलं. सिग्नलपर्यंत पोचेस्तोवर पाकळ्या गळून गेल्या. सलग तीन दिवस ते तिथे जात राहिले. चौथ्या दिवशी तडक दुकानाकडे गेले. म्हातारा होता.

"मनोहर," ते म्हणाले. "श्रीलंकेतलं जाफना, एकोणीसशे सत्त्याऐंशी. आम्ही शांतिसेनेत होतो."

म्हातारा काठी टेकत उठून उभा राहिला. मग म्हणाला, "त्याच्या घरी सांगितलंत कधी, तुम्हाला तो आठवतो म्हणून?"

सांगितलं नव्हतं. मनोहरचं गाव कामठीपासून दीड तासावर, आणि अडतीस वर्षांत ते एकदाही तिथे गेले नव्हते.

नंबर मिळवायला दोन दिवस लागले, एका जुन्या सोबत्याकडून. सकाळी नऊला त्यांनी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"जय भीम, वहिनी. मी ईश्वर गजभिये. फौजेत मनोहरच्या तुकडीतला."

फोनवर मनोहरची बायको कांताबाई होत्या. त्या म्हणाल्या, "पत्रात लिहायचे ते तुमच्याबद्दल. इतकी वर्षं कुठं होता, भाऊ?"

"तोंड दाखवायची हिंमत नव्हती. त्या सकाळी विहिरीवर पाणी आणायची पाळी माझी होती. मला ताप होता. तो म्हणाला, तू पड, मी जातो. गोळी तिथेच लागली."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. कोणीतरी गॅस बंद केला.

"आम्हाला कागद आला, त्यात नुसती तारीख होती," कांताबाई म्हणाल्या. "मी आजवर विचार करत होते, एकटेच कसे सापडले, मागं राहिले का, घाबरले का."

"घाबरला नव्हता. माझ्यासाठी गेला."

"राग येतो, भाऊ. खोटं नाही बोलत." त्या म्हणाल्या. "पण उद्या याच वेळेला फोन करा. पोराला जवळ बसवते. त्यानं बापाला पाहिलंच नाही."

ईश्वरराव दिवसभर जिने चढत-उतरत राहिले. दुसऱ्या दिवशी फोनवर मुलगा राकेश आला. बाप गेला त्या वयापेक्षा तो आता मोठा होता. विहिरीबद्दल त्याने काही विचारलं नाही.

"काका," तो म्हणाला, "त्यांचा आवाज कसा होता?"

ईश्वरराव खिडकीशी उभे राहून तासभर बोलत होते.