कमळाकरचं घड्याळ आणि चंद्राबाईचं बोट

पळसदरीच्या कमळाकरला काचबिंदूने गाठलं, तेव्हा आळी म्हणाली, आता तरी हा दुसऱ्याचं वाकडं बघायचा नाही. कमळाकर हसला नाही. जन्म पंखे-मिक्सर दुरुस्त करण्यात गेलेला. आता तार दिसे, तारेचा रंग दिसत नसे.

मुलगा सुमित पनवेलहून येऊन बजावून गेला, "आप्पा, शॉक लागून मराल. रविवारी हत्यारांची पेटी नेतो मी."

"भिंतीवरचं घड्याळ चाललं तर पेटी राहील. नाय चाललं, तर ने."

ते घड्याळ रसायनीच्या बंद पडलेल्या कारखान्यातलं. त्याला स्वतःची अक्कल नाही. मुख्य घड्याळाने मिनिटामिनिटाला विजेचा धक्का दिला की काटा एक घर सरकायचा. मुख्य घड्याळ कधीच भंगारात गेलं. आता तो धक्का देणारं सर्किट कमळाकर चाचपत, सोल्डरचे डाग देत, बोटं भाजून घेत जुळवत होता.

गुरुवारी धक्का सोडणाऱ्या रिलेचा खटका वाजला. टक्‌.

"काटा सरकला?" कमळाकरने विचारलं. भिंतीवरचा काटा त्याला धड दिसत नव्हता.

"सरकला की!" बायको चंद्राबाई म्हणाली.

दोन दिवस घड्याळ चाललं; रात्री तो बटण बंद करून झोपे. फक्त भाकऱ्या भाजायच्या वेळी थांबायचं. शेजारची शकू खिडकीतून बघून पदरात हसायची. कमळाकर मात्र कुठला डाग सुटतोय ते शोधून रडकुंडीला आला. शनिवारी तो काट्यावर बोट ठेवूनच उभा राहिला. टक्‌ झालं, आणि सवयीने चंद्राबाईचा हात गेलाच. पिठाचं बोट त्याच्या बोटाला लागलं.

"अवो, मीच ढकलतेय," ती रडवेली झाली. "पेटी गेली तर तुमी जेवनार नाय."

कमळाकरने चिडून तारा उपटल्या, उलट्या लावल्या. काटा सरकला! पुढच्या टक्‌ला पुन्हा मेला. म्हणजे धक्का एकदा सुलटा, एकदा उलटा हवा. अजून एक रिले, अजून चार तारा. आणि तारांचे रंग कोण सांगणार?

चाळीस वर्षांत बायकोला पकडीला हात लावू न दिलेला माणूस म्हणाला, "चंद्रे, लाल कुठली गं? आता खोटं नको."

संध्याकाळी त्याने तिची दोन्ही मनगटं एका मुठीत आवळली, दुसऱ्या हाताचं बोट काट्यावर. टक्‌. सरकला. पहिल्या धक्क्याचा भरवसा काय, दुपारीही पहिल्याला सरकलाच होता. टक्‌. सरकला.

"सोडा की! भात करपला!"

"थांब. अजून एक."

रविवारी सुमित पेटी न्यायला आला, तर पेटीवर चंद्राबाई बसली होती.