ल्वारकाठची दहा मिनिटं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी बहुतेक सगळं सांगतो, ऑफिसातल्या बारीकसारीक कुरबुरींसकट. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही श्रीधरला ओळखत नाही. कारण एवढंच आहे. उदात्त वगैरे काही नाही.

श्रीधर माझा तीस वर्षांचा मित्र. मी पुण्याचा, तो नागपूरचा. दोघंही एकाच सुमारास न्यू जर्सीत आलो, वेस्ट विंडसरला घरं घेतली, मुलं वाढवली. मी सॉफ्टवेअरमध्ये. तो पुलांचा इंजिनियर — दुसऱ्यांनी केलेली ड्रॉइंग्ज तपासायची आणि खाली सही करायची, हे त्याचं काम. त्याच्या सहीशिवाय पूल पुढे सरकत नसे. शनिवारी सकाळी आम्ही कालव्याकाठच्या मातीच्या रस्त्यानं सायकली काढायचो. तो हळू चालवायचा, मी जोरात. त्याचा मला राग यायचा का? थोडासा यायचा. पण मित्राचा एवढा राग कुणाला येत नाही?

फ्रान्सची कल्पना त्याची. दोघांच्या साठीनिमित्त ल्वार नदीच्या काठाकाठानं आठ दिवस सायकलवर फिरायचं. घाई नाही, शर्यत नाही. रोज तीस-पस्तीस किलोमीटर. सायकली टूर कंपनीच्या, आणि बॅगा त्यांची व्हॅन पुढच्या गावी नेऊन ठेवणार. निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोनं, वृंदानं, मला किचनमध्ये बाजूला घेतलं. “विनय, त्याला एकट्याला सोडू नकोस हं. हल्ली फार विसरतो रे. मला भीती वाटते.” मी हो म्हणालो. तसा तो विसरायचा. स्टेशनवर गाडी कुठे लावली ते, चष्मा, एकच गोष्ट दोनदा विचारणं. पण चष्मा मीही विसरतो. त्याच्या वडिलांचं शेवटी काय झालं होतं, हे मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांना घरातली माणसं ओळखू येत नव्हती.

तिथे सगळं सुंदर होतं, हेही सांगायला हवं. सपाट रस्ता, एका बाजूला रुंद, आळशी नदी, दुसऱ्या बाजूला सूर्यफुलं नाहीतर द्राक्षांचे मळे. दुपारी गावं दारं लावून जेवायला बसायची. आम्ही कठड्यावर बसून पाव आणि चीज खायचो. श्रीधर प्रत्येक पुलापाशी उतरायचा. अगदी प्रत्येक. खाली वाकून कमानी बघायचा, दगडावरून हात फिरवायचा, भार कुठून कुठे जातो ते मला समजावायचा. पहिले दोन दिवस मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. पाचव्या दिवशी —

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं हॉटेलची किल्ली कुठे आहे, ते मला तीनदा विचारलं होतं. माझा फोन रात्री चार्ज करायचा राहिला होता, म्हणून नकाशासाठी त्याचा फोन माझ्या हँडलवर लावला होता. जेवणानंतर एक छोटा पूल लागला. तो उतरला. तिथून एक रस्ता मळ्यांतून वर टेकडीकडे जात होता. मी म्हणालो, “तू बघत बस. मी वर जाऊन दहा मिनिटांत आलो. इथून हलू नकोस.” त्यानं वर न बघता हात हलवला.

मी मुद्दाम केलं का? निघताना तरी नाही. पण टेकडीवर पोचलो तर पलीकडे उतार होता. पाच दिवसांत पहिल्यांदा मला कुणासाठी थांबायचं नव्हतं. मी उतरत गेलो. खाली एका घरापाशी वाइन विकायला ठेवली होती. म्हाताऱ्या मालकानं एक ग्लास भरून दिला, मग दुसरा. अक्रोडाच्या झाडाखाली बाक होता. तेवढ्यात फोन वाजला. श्रीधरचा फोन, माझ्या हँडलवर. वृंदाचा कॉल. तिच्याकडे सकाळ असणार. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. तो थांबला, परत वाजला. मी फोन काढून बॅगेत टाकला आणि बाकावर आडवा झालो. झोपही लागली.

पुलावर परत आलो तेव्हा पावणेतीन तास झाले होते. श्रीधर नव्हता, त्याची सायकलही नव्हती.

त्यानं काय केलं होतं, ते सांगतो. तो जवळजवळ दोन तास तिथेच बसला. मग त्याला वाटलं, मी कुठेतरी पडलो असेन. म्हणून तो मला शोधायला निघाला, मी गेलो त्याच रस्त्यानं. वर एक फाटा होता, तिथे तो दुसरीकडे वळला. खडीवर सायकल घसरली, गुडघा फुटला, चेन निघाली. फोन माझ्याकडे. तो सायकल ढकलत जवळच्या गावात गेला, गावाच्या कचेरीत शिरला आणि सायकलवरच्या स्टिकरवर टूर कंपनीचा नंबर होता, तो तिथल्या बाईंना दाखवला. नीट बघितलं तर त्या दिवशी त्या माणसानं एकही गोष्ट चुकीची केली नव्हती. फाटा सोडला तर. आणि तो कुणीही चुकला असता.

कंपनीनं श्रीधरच्या फोनवर मला गाठलं, आणि त्यांची एक तरुण मुलगी व्हॅन घेऊन आधी पुलापाशी माझ्याकडे आली. तिच्या हातात कसलासा फॉर्म होता. तुमचे मित्र किती वेळ एकटे होते, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, दहा मिनिटं. का म्हणालो? तिच्याशी माझा काय संबंध होता? खरं सांगितलं असतं तर तिनं तेही लिहून घेतलं असतं, आणि गोष्ट तिथेच संपली असती.

कचेरीत श्रीधर बाकावर बसला होता. गुडघ्याला पट्टी, हातात पाण्याचा ग्लास. मला बघून तो उठलाच. “अरे, तू ठीक आहेस ना? मला वाटलं, पडलास कुठे.” आणि मग, “होतास कुठे इतका वेळ?”

ती मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरीही मी म्हणालो, “श्री, मी दहा मिनिटांत परत आलो. तू नव्हतास तिथे.”

“दहा मिनिटं? नाही रे. सावली पार पुलाच्या अलीकडे आली होती.”

“दहाच, श्री.”

मी हळू आवाजात बोललो होतो, आजारी माणसाशी बोलतात तसं. त्याच्या चेहऱ्यावरची खात्री ओसरली. “असेल,” तो म्हणाला.

एवढंच असतं तर — पण एवढंच नव्हतं. वृंदाला मी फोनवर तेच सांगितलं, आणि तिचे कॉल लागले नाहीत त्याचं खापर रेंजवर फोडलं. आम्ही घरी आलो. तिनं त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. मग त्यांच्या मुलीचा, रियाचा, मला फोन आला. ती इथेच जन्मली, मोठी झाली, बोस्टनला असते. “काका, तुम्ही लिहून द्याल का? जस्ट द फॅक्ट्स. डॉक्टरला द्यायचंय.” मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि लिहिलं. पंधरा ओळी. दहा मिनिटं, आकड्यात. घाबरून तोंडातून निसटलेलं खोटं वेगळं, असं तुम्ही म्हणाल कदाचित. हे निसटलेलं नव्हतं. मी स्पेलिंग तपासलं होतं.

डॉक्टरांना टेस्टमध्ये विशेष काही सापडलं नाही. पण फ्रान्सचा प्रकार काळजीचा आहे, लक्ष ठेवा, म्हणाले. वृंदानं गाडीच्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. सायकल कुणाला तरी देऊन टाकली. नोकरी मात्र त्याची कुणी काढून घेतली नाही. ती त्यानंच सोडली. मला म्हणाला, “उद्या एखाद्या पुलावर मी चुकीची सही केली तर? माझ्यावर माझाच भरवसा राहिला नाही, विनय.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हो, तेही केलं मी.

याला आता चार वर्षं झाली. तो बाहेर पडताना कुठे चाललोय ते सांगतो आणि कधी येणार तेही. गप्पांत एखादी जुनी आठवण निघाली की आधी वृंदाकडे बघतो, ती मान हलवेपर्यंत थांबतो. लोक मला म्हणतात, तुझ्यासारखा मित्र मिळायला नशीब लागतं. दर शनिवारी मी त्याला गाडीतून कुठे ना कुठे नेतो.

या वसंतात डॉक्टरांनी त्याच्या चार वर्षांच्या टेस्ट शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. काहीही नाही. वयानुसार जेवढं विसरायला होतं तेवढंच, म्हणाले. वृंदा फोनवर आनंदानं रडली. त्या शनिवारी श्रीधर माझ्या शेजारच्या सीटवर बसला होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, “मला काही झालेलं नाही म्हणतात. मग त्या दिवशी काय झालं होतं रे?”

टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला.

“ऊन लागलं असेल,” मी म्हणालो.

त्यानं काचेतून वर आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, “ऊन होतं खरं.”

पुढच्या आठवड्यात वृंदाकडून कळलं, त्यानं उन्हात जायचं बंद केलंय. मागच्या अंगणातली टोमॅटोची रोपं तोच लावायचा, तोच बघायचा. आता ती बघते. तो आत, खिडकीशी बसून असतो.

मी त्याला सांगितलेलं नाही.