बाभळीच्या फाट्यावरची पिशवी

राजनंदिनीच्या खोलीत बारा महिने बेदाण्याचा वास येतो. तासगावात राहून हे सांगायचं म्हणजे कोल्हापुरात राहून तालमीचं कौतुक करण्यासारखं आहे. हंगामात सगळ्या गावालाच तो गोड, आंबूस वास असतो. पण हंगाम संपतो, शेड रिकाम्या होतात, गावाचा वास जातो. हिच्या खोलीतला जात नाही. दारामागच्या खिळ्याला निळ्या पट्ट्यांची एक नायलॉनची पिशवी आठ वर्षं लटकते आहे आणि तिच्यातल्या किलोभर बेदाण्याचा केव्हाच गोळा झाला आहे. त्या पिशवीकडं पाठ करून या बाईनं नऊशे पानं लिहिली.

बाई म्हणजे लाल गाडीची कंडक्टर. म्हसवडच्या फेरीला असते. म्हसवडला गाडी चाळीस मिनिटं थांबते. तेवढ्यात बाकीचे चहाला जातात आणि ही शेवटच्या सीटवर वही काढून बसते. डेपोत सुरुवातीला सगळ्यांनी टिंगलटवाळी केली. "म्याडम, राक्षसाला हाफ तिकीट का फुल्ल?" असं विचारून लोक खो खो हसायचे. ती काही बोलत नसे. अशा जागी न बोलणं तिला फार लवकर जमलं होतं. ते कसं, ते पुढं येईलच.

तिच्या कादंबरीतला देश धुळीचा. त्या देशात एकच रस्ता, त्यावर एकच रथ. प्रत्येक वेशीवर एक घंटा आणि तिची राखणदारीण. ती दोन टोल देईल तेव्हा रथ निघायचा. ज्याला आपल्या वेशीवर उतरता आलं नाही तो माणूस मग त्या रथातून कायमचाच फिरायचा. आधी गावाचं नाव विसरायचा, मग आईचं, मग स्वतःचं. आणि हे सगळं ज्याच्यामुळं झालं तो मुका सारथी. घंटा होण्याआधीच रथ हाकणारा, काळ्या फेट्याचा, तोंडातून अक्षर न काढणारा माणूस. असा खलनायक लिहून गेली की वाचणाऱ्यानं पुस्तक मिटून दाराची कडी तपासावी.

पुण्यातल्या दोन प्रकाशकांनी 'मराठीत हे चालत नाही' म्हणून हस्तलिखित परत पाठवलं. शेवटी सांगलीच्या अरिहंतनं ते घेतलं. अरिहंतचा छापखाना लग्नपत्रिकांचा. पण दुपारी जेवता जेवता त्यानं पहिली वीस पानं वाचली आणि डब्यातली आमटी गार झाली. पहिला भाग 'निनावी वेस' कासवाच्या चालीनं खपला. मग कुणीतरी तो मोबाईलवर वाचून ऐकवायला लागलं, आणि 'मुका सारथी' हा दुसरा भाग येईपर्यंत कॉलेजची पोरं त्या सारथ्याचं चित्र छातीवर छापून फिरत होती. राजनंदिनीचे सत्कार झाले. सांगलीच्या एका कार्यक्रमात तिला विचारलं, हे सुचलं कसं?

ती म्हणाली, "आमच्या एका ड्रायव्हरनं एकदा बेल व्हायच्या आत गाडी काढली होती. एक म्हातारी पडली. तिथून सुचलं."

दुसऱ्या दिवशी पेपरात ते चौकटीत आलं. वाक्य तिच्या तोंडून किती सहज आलं याचं तिलाच नवल वाटलं. नवल कसलं? आठ वर्षांपूर्वी चौकशीच्या साहेबांसमोर तिनं हेच सांगितलं होतं.

झालं होतं ते असं. नोकरीचं पहिलं वर्ष. ड्रायव्हर होते कडेगावचे मानसिंगमामा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मायणीच्या पुढं बाभळीच्या फाट्यावर हरणाबाई नावाची म्हातारी उतरली. रोजची शिस्त अशी, की माणूस उतरलं की कंडक्टरनं दाराकडं बघायचं, "कुणी उतरायचं राहिलंय का?" असं विचारायचं, आणि मगच डबल बेल द्यायची. त्या दिवशी राजनंदिनीनं विचारलं नाही. तिच्या डोक्यात सकाळपासून एक वाक्य घोळत होतं, ते निसटायच्या आत ती मांडीवरच्या कागदावर उतरवत होती. उजवा हात लिहीत होता आणि डाव्या हातानं दोरी दोनदा ओढली.

हरणाबाई पिशवी विसरली होती. ती घ्यायला तिनं वळून पायरीवर पाय ठेवला होता. गाडी हलली, ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. बाविसाव्या दिवशी ती घरातच वारली.

चौकशीत मानसिंगमामा म्हणाले, "बेल न्हवती साहेब. मीच गाडी काढली." साहेबांनी राजनंदिनीला विचारलं. तिनं मामांकडं पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघत होते. ती म्हणाली, बेल दिली नव्हती. मामांच्या हातातलं स्टिअरिंग गेलं. शेवटची दोन वर्षं ते डेपोत गाड्या धूत होते. पिशवी सीटखाली सापडली होती, ती जमा केली असती तर म्हातारी परत का वळली आणि कंडक्टरनं विचारलंच नव्हतं, हे उघड झालं असतं. म्हणून पिशवी घरी आली, खिळ्याला लागली.

आणि त्या दिवशी कागदावर उतरलेलं वाक्य? तेच 'निनावी वेस'चं पहिलं वाक्य: 'वेशीवर उतरलेल्या माणसाला मागं वळायची मुभा नव्हती.' ते लिहिलं जात असतानाच म्हातारी मागं वळली होती. यावर विचार करायचा नाही असं राजनंदिनीनं ठरवून टाकलं होतं. पण ठरवून असल्या गोष्टी ऐकतात थोड्याच!

बाभळीचा फाटा आला की तिला ऐकू यायचं, "पोरी, माझी पिशवी राहिली गं." भरदुपारी, भरल्या गाडीत, कानाशी. ती एक बेल देऊन गाडी थांबवायची. दार उघडायचं, धूळ आत यायची, उतरणारं कुणी नाही, चढणारं कुणी नाही. ती तीन तीनदा विचारायची, "कुणी उतरायचं राहिलंय का?" लोक वैतागायचे. "म्याडम, भूत चढवताय व्हय?" कुणीतरी म्हणायचं आणि गाडी हसायची. एकदा फाट्यानंतर तिनं माणसं मोजली. तिकिटं एक्केचाळीस, डोकी चाळीस. परत मोजली. चाळीस. त्या दिवशी ती घरी येऊन भिंतीला टेकून बसली आणि पिशवीकडं बघून रडली.

तिसरा भाग अडला तो इथं. अरिहंत आठवड्याला फोन करायचा. "ताई, सारथ्याला कशात बुडवताय तेवढं सांगा. मुखपृष्ठ करायचंय. लोक त्याचा शेवट बघायला बसल्यात."

तिनं सारथ्याला नदीत बुडवून पाहिलं. वणव्यात जाळून पाहिलं. दर वेळी प्रकरणाच्या शेवटी तो मान वळवून तिच्याकडं बघायचा, आणि फेट्याखालचा चेहरा मानसिंगमामांचा असायचा. चौदा महिने असेच गेले. मग एका सुट्टीच्या दिवशी ती सकाळी बसली आणि दुपारपर्यंत एका बैठकीत तिनं शेवट लिहिला. घंटा झाली होती. राखणदारिणीनंच दोन टोल दिले होते, दुसरीकडं बघत. सारथ्याला ते ठाऊक होतं. तो मुका नव्हताच. तिचं नाव घ्यायला लागू नये म्हणून त्यानं बोलणं सोडलं होतं.

तिनं अरिहंतला फोनवर सांगितलं. पलीकडं त्यानं छापखान्याचं मशीन बंद करायला सांगितलं.

"ताई, वाचक म्हणतील आपल्याला फसवलं."

"फसवलंच आहे," ती म्हणाली. "दोन दिवस थांबा. आधी एका माणसाला वाचायला द्यायचंय."

पुढच्या सुट्टीला तिनं शेवटाची ती वीस पानं घेतली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा पिशवी खिळ्यावरनं काढली.

कडेगावच्या बाहेर उसात मामांचं घर. मामा अंगणात खाटेवर बसले होते, चष्म्याची काच जाड झाली होती. कोनाड्यात तिचे दोन्ही भाग होते, पेपराची कव्हरं घातलेले, शाळेच्या पुस्तकासारखे. मामांनी काही न विचारता पानं घेतली. बोट ओळीवर ठेवून वाचत राहिले. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

शेवटचं पान उलटून मामा म्हणाले, "पुस्तकाचं पयलं वाक्य तवाच लिवलंस न्हवं? त्या दिवशी?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"आगं, डायवरला आरसा कशाला दिलेला असतोय? तू मान खाली घालून लिवत हुतीस. बेल आली, मी गाडी काढली. मागनं पुस्तक आलं, पयलीच वळ वाचली नि कळलं."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"तुझं पयलं वरीस. घालवली असती तुला. माझं काय, दोन वरसं गाड्या धुतल्या, झालं." ते थोडं थांबले. "पुस्तकातल्या सारथ्याचं मला काय वाटलं न्हाई बघ. लय झ्याक गडी हाय त्यो. पर पेपरात बोललीस, त्यात मी हुतो. गावानं वाचलं. हिला कुणीतरी वाचून दावलं."

"मामींना तुम्ही खरं कधीच नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गप बसली असती व्हय ती? डेपोत यिऊन हुबी ऱ्हायली असती." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "म्हसवडला सिद्धनाथाला जाती ती. मला न्हेत न्हाई. म्हंती, त्या वाटंला फाट्यावर म्हातारीचं घर लागतंय, तुमी नगा यिऊ. आठ वरसं झाली. पेपर आल्यापास्नं तर माझ्याशी कामापुरतंच बोलती."

मामांनी पानं नीट जुळवून राजनंदिनीच्या हातात दिली.

"पुस्तकात लिवलंस, बेस केलंस. हजार लोक वाचतील. पर तुझ्या मामीला, राहीला, वाचाय येत न्हाई. आत जा नि सांग."

अंगणातून चुलीपर्यंत दहा पावलं. नऊशे पानं लिहिलेल्या बाईला त्या दहा पावलांत एक वाक्य सापडेना. राहीबाईंनी मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या.

"मामी, बेल मीच दिली होती."

थापणारा हात थांबला.

"डबल बेल. मामांची काही चूक नव्हती. मी साहेबांपुढं खोटं बोलले. पेपरातही खोटं बोलले."

ड्रायव्हरच्या बायकोला डबल बेल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. तव्यावरची भाकरी फुगली, मग करपायला लागली. कुणी उलटली नाही.

"तू काय करत हुतीस?" राहीबाईंनी विचारलं.

"लिहीत होते."

"लिवत हुतीस." राहीबाई उठल्या. त्यांनी शिवी दिली असती, पीठ तोंडावर फेकलं असतं, तर राजनंदिनीला सोसलं असतं. त्यांचे डोळे भरले. "देवाफुडं हुबी ऱ्हाऊन म्या म्हनलंय, माझ्या मालकाच्या हातनं पाप झालंय, पदरात घे. आठ वरसं म्हनलंय. त्या माणसानं समद्यांचं आयकून घितलं. माझंबी. आन् तू पुस्तकं छापलीस?"

राजनंदिनीनं खांद्यावरच्या झोळीतून पिशवी काढून पुढं केली. राहीबाईंनी ती उघडली आणि वास घेऊन तोंड फिरवलं.

"तिची?"

"हो. सुनेचं बाळंतपण होतं. तासगावचा बेदाणा नेत होती."

"ते प्वार आता आठ वर्साचं झालं आसंल," राहीबाई म्हणाल्या. बराच वेळ त्या पिशवीच्या बंदावरनं बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी करपलेली भाकरी खाली काढली, चुलीवर पाणी मारलं, आणि दारात जाऊन नवऱ्याला हाक मारली.

"आवं, उठा. पायात घाला. म्हसवडच्या गाडीला जायाचंय."

मामा बघतच राहिले. निवृत्तीनंतर ते लाल गाडीत बसले नव्हते. बोलायला गेले आणि त्यांना ठसका लागला. राहीबाईंनी तांब्या आणून दिला, पाठीवर हात ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही. राजनंदिनीनं तिकडं पाहिलं नाही.

दुपारच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा नव्हता. मामा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, नजर आरशावर. दोघी मागं बसल्या, पिशवी दोघींच्या मध्ये. मायणी गेली. बाभळी दिसायला लागल्या. राजनंदिनीच्या कानाशी तो आवाज आला, नेहमीचाच, रागाशिवायचा: "पोरी, माझी पिशवी राहिली गं."

"आणलीय," ती मोठ्यानं म्हणाली. राहीबाईंनी पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

गाडी थांबली. दार उघडलं, धूळ आत आली. माणसं चढली, दोन उतरली. कंडक्टरनं दोरीला हात घालत विचारलं, "कुणी उतरायचं राहिलंय का?"

"राहिलंय," राजनंदिनी म्हणाली. "थांब."

आठ वर्षं तिनं या फाट्यावर गाडी थांबवली होती, पण खाली उतरली नव्हती. ती पिशवी घेऊन उतरली. मागून राहीबाई उतरल्या. मामा शेवटी आले. त्यांनी दारातून वळून रिकामी सीट पाहिली, वाकून सीटखाली पाहिलं, मग दांडा धरून सावकाश दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"काय न्हाई ऱ्हायलं," ते कंडक्टरला म्हणाले. "आता दे डबल."

दोन घंटा झाल्या. गाडी गेली. धूळ खाली बसली तेव्हा रस्त्यापलीकडच्या हरणाबाईच्या घराच्या दारात एक बाई आठेक वर्षांच्या पोराला जवळ घेऊन, डोळ्यांवर हात धरून उभी होती, कोण आलंय ते बघत.