दोनशेवा पक्षी आणि हरभऱ्यातला माझा कोट

एकशे नव्याण्णव! आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर पाहिलेल्या पक्षीजातींचा माझा आकडा दोन हिवाळे इथंच अडकलाय. दोनशे झाले की शाल, नारळ, सत्कार. पण फोटो स्वतः काढलेला पाहिजे, हा कडक नियम. म्हणून या जानेवारीत पट्टकदंबावर चाल करून जायचं ठरवलं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येणारा हा हंस. बायको म्हणाली, "तो हिमालय ओलांडतो, तुम्हाला लातूर ओलांडायला दोन वर्षं लागली."

रविवारी सकाळी मोटारसायकल काढली. चाकूर मागे टाकून अहमदपूरला थांबलो. स्टँडजवळ चुरमुऱ्यांची गरमागरम सुशीला, भजी आणि चहा, पन्नास रुपयांत पोट टम्म. तुम्हीही इथंच खाऊन घ्या, पुढं काही मिळत नाही. तलावाचं नाव मात्र सांगणार नाही. मागं एकानं असंच एक नाव फोडलं, तर पुढच्या रविवारी तिथं पक्ष्यांपेक्षा कॅमेरे जास्त! शेवटचा रस्ता मुरमाचा आहे, कंबर सांभाळा.

अंगात माझा खास कोट होता, पानापानांच्या नक्षीचा, अठराशे रुपयांचा. दुकानदार म्हणाला होता, हा घातला की पाखराला माणूस दिसतच नाही.

तलावाभोवतीच्या राखीव क्षेत्राला झकास कमान आहे. निरीक्षण मनोरा आहे, त्यावर 'शांतता राखा'ची पाटी आहे आणि पाटीखाली गाणं लावून रील काढणारी मंडळी आहेत. नाहीत ते फक्त पक्षी. लांब पाण्यात चार चक्रवाक होते, मी जवळ जाताच तेही उडाले. पट्टकदंब कुठं? तर कुंपणाबाहेर, शेजारच्या हरभऱ्यात, पंगतीला बसल्यासारखे!

बांधावर शेताच्या मालकीण सुमनबाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"मावशी, हाकलू नका हो! एकच फोटो!"

"मी कशाला हाकलू? फटाका वाजवला की तळ्यावरला राखणदार वरडतोय, म्हणतोय पाखरं सरकारी हायत. सरकारी पाखरं माझा हरभरा खाऊन राहिलीत, त्याचं काय?"

मी पोटावर सरपटत निघालो. कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत अख्खा थवा आभाळात. मला रडू यायचंच बाकी होतं, आणि सुमनबाई टाळ्या वाजवत होत्या!

"अगं बया! पंधरा दिस झाले बुजगावणं उभं हाय, त्याला ढुंकून बघंनात. तुमच्या कोटाला लई भ्याली! द्या की तो मला."

अठराशेचा कोट! पण त्यांनी भाकरी-पिठलं वाढलं आणि मी विरघळलो. शिवाय कोट नसला तर हंस परत येतील, हा माझा स्वार्थ होताच. बुजगावण्याला तो माझ्यापेक्षा छान बसला. संध्याकाळपर्यंत नुसत्या शर्टात बांधावर कुडकुडत बसलो, एकही हंस फिरकला नाही. सुमनबाईंना माझा नंबर देऊन हात हलवत घरी आलो.

आठवड्यानं सुमनबाईंनी फोटो पाठवला. माझा कोट घातलेलं बुजगावणं, आणि त्याच्या पायाशी वीसेक पट्टकदंब मजेत चरतायत. काय फोटो होता! डोक्यावरचे पट्टेसुद्धा मोजता येत होते. माझ्या नावानं ग्रुपवर टाकायला बोट शिवशिवलं, खोटं कशाला बोलू? कुणाला कळणार होतं?

मग खालचा मेसेज वाचला.

"साहेब, पाखरं कोटाला भीत न्हाईत. ती तुम्हालाच भीत होती. हरभरा निघंपर्यंत दर रविवारी येता का?"

जातोय. कॅमेरा घरीच ठेवलाय.