अंकुशची पोपटी आणि शांतीचा खोकला

माझ्या बांधापलीकडे अंकुशचं लहानसं शेत आहे. देवाने त्याला उंची देताना हात आखडता घेतला, पण लोकांसमोर मिरवायची हौस मात्र ओंजळी भरभरून दिली. मी सारं आयुष्य नाटकात काढलं, राण्या केल्या, कैकेयी केली. पण पोपटी लावताना अंकुश ज्या थाटात उभा राहतो, तो थाट मला एकाही प्रयोगात जमला नाही.

भात कापून झालं की उरलेल्या ओलीवर तो वाल पेरतो. नाताळच्या सुट्टीत पळस्प्याचा नाका गोव्याला निघालेल्या गाड्यांनी तुंबलेला असतो, तेव्हा इकडे शेंगा भरत आलेल्या असतात. मग पोपटी लावायची: मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबलेला. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या.

इथून अंकुशचा प्रवेश सुरू होतो. कानटोपी सारखी करून तो जाळाभोवती फिरतो, थांबतो, नाक वर करतो, डोळे मिटतो. सगळे श्वास रोखून बसतात. मग हात उंचावून तो गर्जतो, "झाली!"

आणि झालेली असतेच. कधी कच्ची नाही, कधी करपलेली नाही. "नाकाची गॅरंटी हाय, बाई," तो मला दर हिवाळ्यात ऐकवतो.

पण नाटकवाल्यांचा एक कान कायम विंगेत असतो. इथे राहायला आल्यावर दुसऱ्याच थंडीत माझ्या ध्यानात आलं, की अंकुशचं नाक वर जाण्याआधी मागे बांधावर बसलेली त्याची बायको शांती हळूच खोकते. एकदाच, कोरडं. मी तिला गाठलं, तर ती पदर तोंडाला लावून हसली.

"मडक्याचा वास बदलतो तवा मना कलतं. त्याला नाय कलत. पन कुनाला सांगू नका हां, बाई. चार मान्सांत त्याचा मान हाय."

मी कशाला सांगते? प्रॉम्प्टरचं नाव जाहिरातीत छापत नाहीत.

यंदाचा प्रयोग मात्र साधा नव्हता. त्यांची मुलगी रूपा वैशाखात चिरनेरला दिली. लग्नाच्या पंगतीत व्याही जीवनराव पहिला घास घेऊन म्हणाले होते, "पनवेलच्या बाजारात मीठ म्हाग झालंय वाटतं." तो घास त्यांनी गिळला, अंकुशच्या घशात तो आजतागायत अडकलेला. म्हणून त्याने व्याही-विहिणीला मुद्दाम पोपटीचं आवतण दिलं. रूपाने दोनदा फोन केला. "बाबा, तोंडाला तोंड देऊ नका. मना तिथं नांदायचंय."

"भांडतो कशाला? खाऊ घालतो. खाल्ल्यावर बोलायला तोंड मोकलं र्‍हायला पायजे ना!"

आणि नेमकी शांतीला सर्दी झाली. दव, धूळ, कसलं तरी निमित्त. बाई खोकून खोकून बेजार. मी ज्येष्ठमध दिलं, काढा दिला. गाणाऱ्या नटींचे गळे ज्याने सुटले, त्याला शांतीचा खोकला जुमानेना. पुढचं संकट मला दिसत होतं. अंकुशला दिसत नव्हतं, कारण तो नवी कानटोपी आणायला गेला होता.

संध्याकाळी पाहुणे आले, सोबत रूपाही. जीवनराव खुर्चीत असे बसले, जणू स्पर्धेचे परीक्षक. "आमच्याकडं जाल जरा मोठा करतात," ते म्हणाले.

"आमच्याकडं बोलनं कमी करतात," अंकुश म्हणाला. रूपाने कपाळाला हात लावला.

जाळ पेटला. अंकुश फिरू लागला. एवढ्यात मागून शांती खोकली. त्याचं नाक लगेच वर गेलं, हात उंचावला. शांती जिवाच्या आकांताने मान हलवत होती, पण तिला ढास लागली होती आणि त्याची तिच्याकडे पाठ होती. नटाने भलत्याच वाक्याला एंट्री घ्यावी, तसं झालं.

"झाली!"

मडकं काठीने ओढून तोंडाचा पाला काढला. हिरव्यागार शेंगा बाहेर आल्या. जीवनरावांनी एक सोलली, चावली. कर्र्र आवाज मला बांधावर ऐकू आला.

"व्याही, ही पोपटी का कोशिंबीर?"

अंकुशचा चेहरा पडला. मडकं खराब, पेंढा ओला, बायको आजारी, काय वाटेल ते सांगता आलं असतं. रूपा डोळ्यांत पाणी आणून बापाकडे बघत होती. त्याने कानटोपी काढली.

"आमचं नाक खोटं हाय, व्याही. दर साली ही खोकते, तवा मी सांगतो. आज ही खरीच खोकली."

मग विहीणबाई अशा हसल्या, की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "आवो, आमचं बी तसंच! आमच्याकडं मी बांगड्या वाजवते!"

"गप बस," जीवनराव पुटपुटले.

"का गप? त्या दिवशी बांगड्या काढून ठेवल्या, तर कोलसा खाल्ला सगल्यांनी!"

जीवनरावांनी हातातली कच्ची शेंग निमूटपणे आणखी चावली. रूपा पदराआड हसत होती. अंकुशने तर व्याह्यांना खुर्चीतून उठवलंच. "चला, पाला आना. दोगांनी मिलून भरू."

नवा पाला दाबून मडकं पुन्हा उपडं झालं, पुन्हा जाळ. दोघे व्याही शेजारी उकिडवे बसले, आणि दोघांच्या पाठी जाळाकडे, तोंडं बायकांकडे. पोपटीच्या इतिहासात असा प्रयोग मी पाहिला नव्हता.

शांती खोकली. दोघेही ताडकन उठले.

"बसा," ती घसा धरून म्हणाली, "हा खोकला माजा हाय. मडकं झालं का तोंडानं सांगन मी."

तिने सांगितलं, पण अंमळ उशिराच. सगळे आपल्या तोंडाकडे बघताहेत, हे सुख तिला पहिल्यांदाच मिळत होतं. मी असते तर आणखी थोडं ताणलं असतं.

शेंगा लोण्यासारख्या झाल्या होत्या. जीवनरावांनी दुसरी ओंजळ भरली, आणि मिठाबद्दल चकार शब्द काढला नाही.